कूलरची मोटर गरम होऊन बंद पडणे

घरगुती कूलरचा पंखा थोडा वेळ चालून मोटर तापल्यामुळे आपोआप थांबणं, मोटर थंड झाली की परत सुरू होणं आणि हे दिवसभर असंच चालत राहणं. विदर्भाच्या खेड्यात याला लोक 'मोटर ट्रिप मारते' म्हणतात. एप्रिल-मे मध्ये, खास करून २५ मेच्या आसपास नवतपा लागला की ही तक्रार घरोघरी असते. मोटर थांबते म्हणजे ती खराबच झाली असं बहुतेक जण धरून चालतात, पण खरं तर बहुतेक वेळा थांबवणारा भाग आपलं काम बरोबर करत असतो, बिघाड दुसरीकडे असतो.

उगम : ओल्या गवतातून हवा खेचून खोली गार करायची ही रीत नेमकी कुठून आली यावर मतं वेगवेगळी आहेत. आईन-ए-अकबरीत खसच्या मुळ्या बांबूच्या चौकटीत भरून त्यावर पाणी शिंपडायच्या खोल्यांचं वर्णन आहे आणि त्याचं श्रेय अकबराच्या कल्पनेला दिलंय, पण दरबारी ग्रंथ बादशहाला श्रेय देणारच, त्यामुळे ते जरा जपूनच घ्यावं लागतं. खस म्हणजे संस्कृतात ज्या गवताला 'उशीर' म्हणतात ते, त्याचा गारव्यासाठी लेप लावायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे, म्हणून वस्तू जुनी आणि खोलीची योजना मुघल काळातली असं मानणं जास्त बरोबर वाटतं. पुढे इंग्रजांच्या काळात, साधारण १८३० ते १८३२ च्या सुमारास, थर्मॅन्टिडोट नावाचं यंत्र आलं, म्हणजे धान्य उफणायचा पंखा खिडकीत बसवायचा, भोवती खसच्या ओल्या ताट्या लावायच्या आणि माणसाने तो हाताने फिरवायचा. काही लोक आजच्या कूलरचा उगम अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात १९३० च्या दशकात लाकडाच्या बारीक किसाचे पॅड लावून झालेल्या यंत्रांत शोधतात. विजेची मोटर आणि पाण्याचा पंप तिकडून आले हे मान्य, पण पंखा आणि ओली ताटी यांची जोडी आधी इथेच जमली होती, त्यामुळे थर्मॅन्टिडोटकडेच कल राहतो.

काम कसं चालतं : हे सगळ्यांना माहीतच आहे, फक्त एक हिशोब. बाहेर ४५ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्यातल्या थर्मामीटरचं तापमान सुमारे २४ अंश येतं, आणि चांगला कूलर त्या फरकाच्या ७० टक्के जरी कापू शकला तर हवा ३० अंशाच्या आसपास मिळते. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले होते, अशा दिवशीसुद्धा हवा कोरडी असल्यामुळेच कूलर चालतो. पाऊस पडला की संपलं.

मोटर का तापते : पत्र्याच्या कूलरमध्ये बहुतेक सिंगल फेज, कपॅसिटरवाली (कपॅसिटर म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा डबीसारखा भाग) इंडक्शन मोटर असते, चार पोलची असेल तर ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या थोडी खाली, साधारण १४०० च्या वेगाने फिरते. तिच्या वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला, चिकटून प्रोटेक्टर बसवलेला असतो, त्यात दोन धातूंची पातळ चकती असते, तापमान ठराविक हद्दीपलीकडे गेलं की चकती उलटून सर्किट तुटतं, थंड झाली की परत जुळतं. काही मोटरांत याऐवजी एकदाच उडणारा थर्मल फ्यूज असतो, तो उडाला की मोटर परत उठत नाही.

पहिलं कारण हवा. कूलरच्या पॅडमधलं गवत बसून दाटलं, त्यावर क्षार साचले की हवा येण्याचा रस्ता बंद होतो. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या त्या भागात, पाण्यात मीठच इतकं की हे लवकर होतं. आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण मेकॅनिक लोकांतही यावर वाद होतो : हवा अडली तर मोटरवर लोड वाढतो की कमी होतो? पात्यांचा साधा एक्झॉस्टसारखा पंखा असेल तर हवा अडल्यावर लोड वाढतो. ड्रमसारखा ब्लोअर असेल तर उलट, हवा कमी गेली की लोड कमी होतो. म्हणजे दोघांचंही म्हणणं आपापल्या पंख्यापुरतं खरं आहे. पण दोन्हीत मोटर ज्या हवेने थंड राहते तीच कमी झालेली असते, म्हणून पात्यांचा पंखा असलेल्या पत्र्याच्या कूलरला दुहेरी मार बसतो. खिडकीपासून दूर, बंद खोलीत कूलर ठेवला की तीच दमट हवा फिरत राहते, गारवा मिळत नाही आणि लोक दिवसभर फुल स्पीडवर चालवतात.

दुसरं कारण डिम लाईन, म्हणजे कमी व्होल्टेज. संध्याकाळी सगळ्यांचे कूलर एकदम लागले की डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो. व्होल्टेज २३० पाहिजे ते १८० वर आलं तर मोटरचा टॉर्क जवळपास ६१ टक्क्यांवर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. पंखा हळू फिरतो, हवा कमी, मोटर जास्त तापते. सॉकेटमध्ये मीटर लावून, कूलर चालू असताना व्होल्टेज बघितलं तर पाच मिनिटांत कळतं.

तिसरं, कपॅसिटर कमजोर झालेला. मोटर गुणगुणते, हाताने पातं ढकललं तर फिरते. नवा टाकताना मायक्रोफॅरड तेवढाच घ्यावा, मोठा टाकला म्हणून पंखा जोरात फिरत नाही, उलट वाइंडिंग तापते. चौथं, बुश किंवा बेअरिंग, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, कोरडं पडलेलं. लाईन काढून पातं हाताने फिरवून बघितलं की जड लागतं, पात्यात वाकडेपणा असेल तर तोही तेव्हाच दिसतो.

तपासताना : प्रोटेक्टरवाली मोटर थंड झाली की स्वतःहून सुरू होते, म्हणून बंद पडलेला पंखा 'बंद' समजून आत हात घालायचा नाही, प्लग काढून घ्यायचा. पत्र्याच्या बॉडीला अर्थिंग नसेल तर सगळ्यात आधी तेच करून घ्यावं, आणि पाणी टाकताना कूलर बंद असावा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलं असतात, आणि मोटर जळण्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी मोठी आहे. ३० मिलीअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, लावलेला असेल तर धोका खूप कमी होतो.

प्रोटेक्टर जुना होऊन कमी तापमानालाच उघडतो असंही होतं, पण हवा, व्होल्टेज, कपॅसिटर आणि बुश चारही बघून झाल्यावरच त्याच्यावर यावं. तो काढून तार सरळ जोडायची सवय काही ठिकाणी आहे, त्यामुळे मोटर थांबत नाही पण वाइंडिंगचं इन्सुलेशन भाजून निघतं. त्याचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. रिवाइंडिंग करून आणलेल्या मोटरमध्ये प्रोटेक्टर परत बसवलाय का हे दुकानातच विचारून घ्यावं, आणि तार तांब्याची आहे की अ‍ॅल्युमिनियमची हेही.