अद्भुतरम्य कादंबरी, कुमारांची

जादू, शाप, रूपांतर, कालप्रवास यांपैकी एखादे कल्पनाबीज धरून साधारणतः तेरा ते एकोणीस वयाच्या वाचकांसाठी लिहिलेली दीर्घ कथा. इंग्रजीतील ‘यंग अडल्ट फँटसी’ ती हीच; मराठी वाचक नुसते ‘फँटसी’ म्हणतो. या प्रकाराविषयीची नेहमीची तक्रार अशी, की पहिल्या प्रकरणातले बीज झकास असते, पण नायक-नायिकेची नजरानजर झाली की लेखक त्याच्याकडे फिरकत नाही. स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’नंतर (२००५) प्रणयाचे माप वाढले असे सांगितले जाते. मराठीपुरते पाहता दुखणे बरेच जुने आहे.

नाव व उगम : ‘कादंबरी’ हा शब्द बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत गद्यकाव्यावरून आला, याबद्दल फारसा वाद नाही. मूळ कथा गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त असावी, सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ती सुमनस राजाच्या नावाने आढळते. बाणाचा आरंभ आजच्या कोणत्याही फँटसीने हेवा करावा असा आहे. शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पिंजऱ्यातला पोपट घेऊन येते. पोपट उजवा पाय उचलून राजाला उद्देशून आर्या वृत्तातला श्लोक म्हणतो. हा पोपट कोण, याचे उत्तर तीन जन्मांत गुंतलेले आहे. पुढे कथानायक राजपुत्र चंद्रापीड किन्नरांच्या जोडीमागे धावत अच्छोद सरोवरापाशी पोचतो, महाश्वेता या तपस्विनीची वीणा ऐकू येते आणि तिथून प्रणय व विरह यांचेच राज्य सुरू होते. जिच्या नावाने ग्रंथ ओळखला जातो ती कादंबरी बरीच उशिरा प्रवेश करते. बाणाचा पूर्वभाग तिच्या विरहवर्णनातच तुटतो. पोपटाचे कोडे उकलण्याचे काम बाणाच्या मुलाच्या अंगावर पडले. त्याचे नाव काही भूषणभट्ट, तर काही पुलिंद किंवा पुलिंदभट्ट असे देतात. भूषणभट्ट हे नाव मराठीत अधिक रूढ आहे. म्हणजे या वाङ्मयप्रकाराचे बारसेच अशा ग्रंथावरून झाले, ज्यात प्रेमाने अद्भुताला झाकून टाकले.

कन्नडमध्येही नॉव्हेलला ‘कादंबरी’च म्हणतात. कोल्हापूरसारख्या सीमाभागात हा शब्द दोन्ही भाषांत सहज ऐकू येतो. तो मराठीतून तिकडे गेला असे सामान्यतः मानतात व ते अधिक संभाव्य दिसते. मात्र नागवर्म्याचे ‘कर्नाटक कादंबरी’ हे काव्य सुमारे दहाव्या शतकाच्या अखेरचे असल्याने हे नाव कन्नड वाचकाला परके नव्हते, हेही लक्षात घ्यावे लागते.

मराठीतील वाटचाल : बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) पहिली कादंबरी मानले, तरी अद्भुताचा प्रवाह लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) धरणे सोयीचे. दुरावलेले जोडपे, कपटी कारस्थानी, शेवटी मीलन हा साचा नंतर अनेकांनी गिरवला. नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) कुमारवयीनांनी विशेष आवडीने वाचली. अद्भुत व वास्तव या दोन वळणांची गंभीर चर्चा करणारा वि. का. राजवाडे यांचा ‘कादंबरी’ हा निबंध १९०२ मध्ये ‘ग्रंथमाला’ मासिकात आला. विष्णु गोविंद विजापूरकर हे मासिक कोल्हापुरातून चालवीत.

कोल्हापूर : राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक असलेले ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) कथानकाच्या तंत्राची मांडणी केली. त्यांच्या कादंबऱ्यांत तंत्र राबले ते मुख्यतः प्रणयासाठी. ‘जादूगार’ नाव पाहून जादू शोधणाऱ्याची निराशाच होते. वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून कोल्हापुरास आले. त्यांची ‘ययाती’ (१९५९, साहित्य अकादमी पुरस्कार १९६०, ज्ञानपीठ १९७४) कुमारांसाठी लिहिलेली नाही, पण महाविद्यालयाची पायरी चढताना वाचली जाते ती हीच. मुलाचे तारुण्य बापाने उसने घ्यावे, याहून विलक्षण बीज क्वचितच सापडेल. महाभारतात ते उसने तारुण्य हजार वर्षे टिकते. खांडेकरांकडे हा प्रसंग अगदी शेवटी येतो आणि लवकर आटोपतो. सारी पाने ययाती, देवयानी व शर्मिष्ठा यांच्या निवेदनांतून वासना आणि प्रेम यांच्या हिशेबात जातात. हा दोष मानावा की हेतू, यावर दुमत संभवते. लेखकाचे लक्ष भोगावर होते, चमत्कारावर नव्हते, हे मत आम्हांस अधिक पटते.

उलट टोकाला कोल्हापुरातच जन्मलेले जयंत नारळीकर (१९३८–२०२५). ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. त्यांच्या विज्ञानकथांत बीजच गोष्ट ओढत नेते, प्रणय कोपऱ्यात बसतो.

खास कुमारांसाठी लिहिलेली अद्भुत कादंबरी मराठीत थोडी. भर अनुवादांवर आहे. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिरापासून (स्था. १८५०) वाचनालयांची परंपरा मोठी. पण सार्वजनिक वाचनालयांत सहसा एक कपाट बालसाहित्याचे, दुसरे कादंबऱ्यांचे. मधल्या वयाला कपाट नाही, म्हणून चौदा वर्षांचा वाचक राक्षस-पऱ्यांकडून थेट फडके-खांडेकरांकडे जातो.