अर्जावरचा तो एक चौकोन

अमेरिकेत नोकरीचा फॉर्म भरताना नाव, पत्ता, शिक्षण झालं की वर्षानुवर्षं एक छोटासा चौकोन यायचा, तुम्हाला कधी गुन्ह्यात शिक्षा झालीय का, असेल तर टिक करा. टिक केली की बऱ्याच ठिकाणी अर्ज तिथेच बाजूला पडायचा, पुढचं कोणी वाचायचंच नाही. ‘बॅन द बॉक्स’ (चौकोन हटवा) म्हणून जे कायदे आले ते हा चौकोन अर्जावरून काढायला लावणारे, आणि त्यांनी फायदा होतो की उलट तोटा हा आजचा वाद समजून घ्यायचा तर थोडं मागं जावं लागतं.

१९७० मध्ये बक ग्रीन नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण सेंट लुईसला मिसूरी पॅसिफिक रेल्वेत क्लार्कच्या जागेसाठी गेला. सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून त्याने २१ महिने तुरुंगात काढले होते. रेल्वेचा नियम सरळ होता, किरकोळ ट्रॅफिकचे गुन्हे सोडून कसलीही शिक्षा झालेली असली तर नोकरी नाही, आणि हा नियम १९४८ पासून चालत आलेला. आता सैन्यात न जाण्याचा आणि ऑफिसात कागद सांभाळण्याचा काय संबंध? १९७५ ला फेडरल अपील कोर्टाने असा सरसकट नकार चुकीचा ठरवला, आणि १९७७ पर्यंत ह्याच केसमध्ये गुन्हा किती गंभीर होता, त्याला किती काळ लोटला, काम कसलं आहे हे बघा असं ठरलं. मला विचाराल तर ह्या विषयात इतकी शहाणपणाची गोष्ट त्यानंतर फारशी कोणी सांगितलेली नाही, पुढचे बरेचसे नियम ह्याच तीन प्रश्नांवर उभे आहेत.

दुसरीकडे १९७० मध्येच फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट आला होता. त्यात उमेदवाराचं जुनं रेकॉर्ड चेक करून मालकाला रिपोर्ट देणाऱ्या कंपन्यांना बऱ्याचशा नोकऱ्यांसाठी सात वर्षांपेक्षा जुनी शिक्षा रिपोर्टमध्ये दाखवता येत नव्हती. ती मर्यादा १९९८ ला काढून टाकली, म्हणजे विसाव्या वर्षी केलेली चूक पन्नाशीतही रिपोर्टवर येऊ शकते (काही राज्यांनी आपापली मर्यादा ठेवलीय ते वेगळं). गंमत नाही, पण त्याच १९९८ मध्ये हवाई राज्याने नेमका उलटा कायदा केला, आधी ऑफर द्या, मग विचारा, आणि विचारलंत तरी शेवटच्या दहा वर्षांचंच. त्यानंतर रेकॉर्ड कॉम्प्युटरवर आले, चेक स्वस्त झाले, २००१ च्या हल्ल्यांनंतर सगळीकडे संशय वाढला आणि पूर्वी कधी चेक न करणारेही करायला लागले.

आणि मग डेव्हा पेजर ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंचा २००३ चा अभ्यास. मिलवॉकीत दोन गोरे आणि दोन कृष्णवर्णीय तरुण, सगळे सारख्या शिक्षणाचे, बोलायला चांगले, त्यांना ३५० ठिकाणी अर्ज घेऊन पाठवलं. प्रत्येक जोडीत आलटूनपालटून एकाने सांगायचं की ड्रग्जच्या गुन्ह्यात तुरुंगात होतो. शिक्षा नसलेल्या गोऱ्याला १०० पैकी ३४ ठिकाणांहून पुढचं बोलावणं आलं, शिक्षा सांगितल्यावर १७. शिक्षा नसलेल्या कृष्णवर्णीयाला १४, आणि शिक्षा सांगितल्यावर फक्त ५. म्हणजे काहीही न केलेल्या कृष्णवर्णीय पोराची अवस्था तुरुंगातून आलेल्या गोऱ्यापेक्षा वाईट. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी परत वर जाऊन बघितलं, काही चुकून उलटं तर वाचलं नाही ना.

ह्याच सुमारास कॅलिफोर्नियात स्वतः तुरुंगात राहून आलेल्या लोकांनीच चौकोन काढा म्हणून चळवळ सुरू केली. शहरं, मग राज्यं, आणि २०१९ ला सही होऊन डिसेंबर २०२१ पासून फेडरल सरकारी नोकऱ्यांनाही नियम लागू झाला की ऑफरच्या आधी हे विचारायचं नाही.

पण इथे एक वाईट वळण आहे. अमांडा अगन आणि सोंजा स्टार ह्या संशोधकांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात नियम बदलायच्या आधी आणि नंतर मिळून सुमारे १५,००० बनावट अर्ज ऑनलाइन पाठवले. जिथे आधी चौकोन होता तिथे गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा ७ टक्केच जास्त बोलावणी यायची, चौकोन गेल्यावर तो फरक ४३ टक्क्यांवर गेला. माहिती मिळेना म्हणून मालक नावावरूनच अंदाज बांधायला लागले, असा त्याचा अर्थ. म्हणून काहीजण म्हणतात कायदाच मागे घ्या, मला ते पटत नाही, कारण प्रश्न पुढे ढकलला एवढंच झालं आणि ग्रीनच्या केसमधले तीन प्रश्न बऱ्याच ठिकाणी कोणी विचारतच नाही. नकार देताना लेखी कारण द्यायला लावलं तर निदान उमेदवाराला भांडता तरी येतं, कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्क शहरात त्या दिशेचे नियम आहेतही.

नवीन वाट म्हणजे रेकॉर्डच आपोआप बंद करणं, पेनसिल्वेनियाने २०१८ ला तसा कायदा केला. ठरावीक वर्षं नवीन गुन्हा नसेल तर ठरावीक प्रकारची जुनी केस कोर्टाच्या यादीतून लोकांना दिसेनाशी होते, अर्जसुद्धा करावा लागत नाही. अडचण एवढीच की खासगी कंपन्यांनी ती यादी आधीच उतरवून घेतलेली असते, आणि त्यांनी आपला डेटा अपडेट केला नाही तर कोर्टात बंद झालेली केस रिपोर्टवर तशीच छापून येते.