एमसीबीला न दिसणारा धोका

घरात आग लागली की बातमीत ‘शॉर्ट सर्किट’ हे कारण ठरलेलं. पण शॉर्ट सर्किट झालं तर चांगली एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच, क्षणात पडते. तिला पत्ता लागत नाही तो लूज कनेक्शनचा.

२००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर करंट घेतो. प्लगमधला स्क्रू ढिला होऊन त्या जोडाचा रोध (करंटला होणारा अडथळा) अर्धा ओहम झाला, तर तेवढ्याशा जागेत सुमारे ३६ वॅट उष्णता तयार होते. छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं! रोध वाढल्यामुळे करंट उलट किंचित घटतो, म्हणून एमसीबी गप्प राहते. आरसीसीबी हा दुसरा सुरक्षा स्विच फक्त गळणारा, म्हणजे वायर सोडून अंगातून किंवा जमिनीत जाणारा करंट पकडतो. इथे काही गळतच नाही. तापलेल्या धातूवर ऑक्साइड चढतं, रोध आणखी वाढतो, प्लास्टिक करपतं, ठिणग्या उडू लागतात. जवळ पडदा असला की पुढे वेळ लागत नाही. गरम धूर छताखाली साचतो आणि तो थर ५००-६०० अंशांवर गेला की खोलीतलं सगळं जवळजवळ एकदम पेटतं.

लूज कनेक्शन आधी खुणा देतं: सॉकेटवर तपकिरी डाग, करपल्याचा वास, चरचर आवाज. गीझर पंधरा मिनिटं चालवा, बटण बंद करा आणि कोरड्या हातानं प्लगला स्पर्श करा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर तो वापरू नका.

दुरुस्ती करताना मेन स्विच बंद करून टेस्टरनं खात्री करावी. वायरचं करपलेलं टोक कापून नवं सोलावं, सगळ्या तारा पिळून स्क्रूखाली घालाव्यात, घट्ट करून वायर ओढून पाहावी. टोकाला सोल्डर लावू नये. दाबाखाली ते हळूहळू बसतं आणि स्क्रू पुन्हा ढिला पडतो. नुसता प्लग बदलणं ही नेहमीची चूक. तापलेल्या सॉकेटमधल्या पट्ट्यांचा ताण गेलेला असतो, त्यामुळे नवा प्लगही जळतो. दोन्ही बदला. गीझर आणि इंडक्शन एक्स्टेन्शन बोर्डावर कधीच नकोत.

धूर दिसलाच तर प्लगला हात न लावता मेन बंद करा. पाणी मारू नका. खोलीचं दार ओढून घ्या म्हणजे आगीला हवा कमी मिळेल, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.