फोटोमोंटाज (बर्लिन दादा)
फोटोमोंटाज : छायाचित्रे कापून-जोडून नवी प्रतिमा घडविण्याचे तंत्र. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनच्या दादा (रूढ कला व मूल्ये झुगारणारी कलाचळवळ) कलावंतांनी ते राजकीय टीकेसाठी वापरले. मोंटाज म्हणजे कारखान्यातली जुळणी. चित्रकार नव्हे तर जोडारी म्हणवून घेण्याचा हट्ट या नावातच आहे.

कलेला समाजापासून अलिप्त राहण्याचा हक्क आहे, हेच त्यांना अमान्य होते. मार्च १९२० मध्ये काप बंडाच्या, म्हणजे जर्मन प्रजासत्ताक उलथविण्याच्या उजव्यांच्या फसलेल्या प्रयत्नाच्या, वेळी ड्रेस्डेनमध्ये गोळीबार झाला. पन्नासहून अधिक माणसे मेली आणि एक गोळी संग्रहालयातल्या रूबेन्सच्या चित्राला लागली. लढायचे तर चित्रांपासून दूर लढा, असे आवाहन चित्रकार ओस्कार कोकोश्का यांनी केले. त्यावर बर्लिन दादातले जॉर्ज ग्रोस व जॉन हार्टफील्ड यांनी लिहिले, की गोळ्या मजुरांच्या घरांऐवजी चित्रांत घुसतात याचा आम्हाला आनंदच आहे. कोकोश्कांची चिंता खोटी नव्हती. पण मेलेल्यांविषयी त्यात चकार शब्द नव्हता, ही खरी बोच.

याच गटातल्या हाना होख यांच्या १९१९–२० मधील ‘स्वयंपाकघरातल्या सुरी’च्या मोंटाजमध्ये (११४ × ९० सेंमी.) जोड उघडे ठेवलेले दिसतात. उजव्या खालच्या कोपऱ्यात स्त्रियांना मताधिकार असलेल्या युरोपीय देशांचा नकाशा आहे.

हार्टफील्ड यांची रीत उलटी, जोड लपविण्याची. लागेल ते छायाचित्र ते छायाचित्रकाराकडून मुद्दाम काढवून घेत. मग तुकडे हव्या त्या मापाचे छापून कापायचे, चिकटवायचे, कडांवर रंगाने टचिंग करायचे, पुन्हा फोटो घ्यायचा आणि ग्रॅव्ह्युअरवर (कोरलेल्या सिलिंडरवरून छपाई) छापायचे. दोन तुकड्यांवरचा उजेड वेगळ्या बाजूंनी आला किंवा छायाचित्रातल्या कणांचा जाडेपणा जुळला नाही, की वाचक अर्थ सोडून कात्रीच पाहतो. १९३२ च्या एका मोंटाजमध्ये हिटलरच्या छातीचा एक्स-रे आहे : पाठकण्याच्या जागी नाण्यांची चळत, हृदयाच्या जागी स्वस्तिक. ओळ अशी, की हा सोने गिळतो आणि पत्रा बोलतो. जर्मनमध्ये ‘पत्रा बोलणे’ म्हणजे बाष्कळ बडबड. हा श्लेष सुटला तर निम्मे चित्र हातचे जाते.

मूळ जोडकामावर टचिंगचे डाग दिसतात, म्हणून त्यावरून पारख करू नये. कलाकृती म्हणजे ‘ए-आय-झेड’ या कामगार साप्ताहिकाचे छापील पान. १९३३ मध्ये हार्टफील्ड प्रागला पळाले. पुढच्याच वर्षी तेथील प्रदर्शनातून, जर्मन वकिलातीच्या तक्रारीवरून, त्यांची काही चित्रे उतरविण्यात आली.