जुन्या भावांवर फिरलेले हात

ॲपलचा शेअर 12 डिसेंबर 1980 रोजी बाजारात आला तो 22 डॉलरला. आज भावांचा एखादा तक्ता उघडून त्या दिवसापर्यंत मागे गेलात, तर 22 च्या आसपासचा आकडाच सापडत नाही. तिथे काही सेंट लिहिलेले असतात. यात चूक कुणाचीच नाही. कंपनीने नंतर पाच वेळा शेअरचं विभाजन केलं: 1987, 2000 आणि 2005 मध्ये एकाचे दोन, 2014 मध्ये एकाचे सात आणि 2020 मध्ये एकाचे चार. सगळ्यांचा गुणाकार केला की तेव्हाच्या एका शेअरचे आज 224 होतात, आणि 22 ला 224 ने भागलं तर दहा सेंटही उरत नाहीत. तक्त्यातला भाव 1980 मध्ये कुणी दिलेला नाही आणि कुणी घेतलेला नाही. आजच्या शेअरच्या मापाने मागे जाऊन तो लिहिलेला आहे.

जुना भाव म्हणजे त्या दिवशी लिहून ठेवलेला आकडा, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्यावर बरेच हात फिरलेले असतात, आणि प्रत्येक हात काहीतरी अडलं म्हणूनच फिरलेला असतो.

भाव नियमितपणे छापून विकण्याचं जुनं आणि आजही कामाला येणारं उदाहरण लंडनचं आहे. जॉन कास्टेंग हा ह्युगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, दलाल 1698 पासून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, एक छोटा कागद काढू लागला. त्यात परदेशी चलनांचे दर असत आणि सोबत बँक ऑफ इंग्लंड, ईस्ट इंडिया कंपनी यांच्या शेअरचे भाव. सौदे चालत ते एक्स्चेंज ॲलीतल्या कॉफीगृहांत. 1720 च्या साउथ सी कंपनीच्या फुग्याचा, म्हणजे भाव अवाच्या सवा चढून कोसळण्याचा, अभ्यास आजही या कागदांवरूनच होतो. जानेवारीत 130 च्या आत असलेला भाव उन्हाळ्यात हजाराच्या घरात गेला, हे आपल्याला त्यांच्यामुळेच कळतं. पण इथेही एक मेख आहे. जूनच्या उत्तरार्धात कंपनीने शेअर हस्तांतराच्या वह्या बंद केल्या. त्यानंतरचे भाव वह्या पुन्हा उघडल्यावर पूर्ण व्हायच्या सौद्यांचे होते. म्हणजे शिखर दाखवणारा तो प्रसिद्ध आकडा रोखीचा नव्हे, वायद्याचा. आलेखावर मात्र दोन्ही एकाच रेषेत बसतात.

त्याहूनही जुना प्रश्न लाभांशाचा, म्हणजे कंपनी नफ्यातून भागधारकांना जे वाटते त्याचा, आणि तो ॲमस्टरडॅममध्ये उभा राहिला. 1602 मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने पहिला लाभांश 1610 मध्ये दिला, तोही बराचसा जायपत्रीच्या रूपात. पुढे मिरीही वाटली. त्या काळातल्या भागधारकाला नेमका किती नफा झाला हे काढायचं, तर शेअरच्या भावाबरोबर मसाल्याचा बाजारभावही हाताशी हवा. भाव चढला की उतरला एवढ्यावरून मालकाच्या हाती काय पडलं ते कळत नाही, ही अडचण चारशे वर्षांपूर्वीही होती आणि आजही तशीच आहे.

एकोणिसाव्या शतकाने वेग आणला. 1867 मध्ये एडवर्ड कॅलहानने टिकर यंत्र बनवलं आणि न्यूयॉर्कमधले सौदे कागदी फितीवर दलालांच्या कचेऱ्यांत उमटू लागले. त्याआधी भाव पोहोचवायला पोरं धावत असत. यंत्रालाही मर्यादा होती. 24 ऑक्टोबर 1929 रोजी सुमारे 1 कोटी 29 लाख शेअरची उलाढाल झाली आणि फीत काही तास मागे पडली. बाजार बंद झाल्यावरही ती दुपारचेच भाव छापत बसली होती. त्या दिवशी फितीकडे बघून विकणाऱ्याला आपण कोणत्या भावाला विकतोय हे ठाऊक नव्हतं. आपण मात्र आज त्याच दिवसाचा नीटनेटका बंद भाव, म्हणजे दिवसअखेरचा भाव, बघून त्याच्या घाईला नावं ठेवतो.

चार्ल्स डाऊ या अमेरिकी पत्रकाराने 1884 मध्ये अकरा शेअरची सरासरी छापली, त्यातले नऊ रेल्वे कंपन्यांचे. 1896 मध्ये बारा औद्योगिक कंपन्यांची वेगळी सरासरी आली. ती भावांची साधी सरासरी होती, त्यामुळे विभाजनाने भाव अर्धा झाला की काही न घडताही सरासरी कोसळली असती. 1928 मध्ये यादी तीस कंपन्यांची झाली तेव्हा बेरजेला भागायचा आकडाच अशा वेळी बदलण्याची पद्धत सुरू झाली. भावांना हात न लावता भाजक हलवायचा, ही युक्ती आजही चालू आहे.

खरी मोठी उलथापालथ झाली ती शिकागोत. मेरिल लिंच या दलाली पेढीच्या लुई एंगल यांना साधं विचारायचं होतं: शेअरमध्ये पैसे ठेवणाऱ्याला आजवर सरासरी मिळालं किती? उत्तर कुणाकडेच नव्हतं. अल्फ्रेड काउल्स यांनी 1938 मध्ये 1871 पासूनचे निर्देशांक तयार केले होते, पण ते निर्देशांक, म्हणजे अनेक शेअरचा मिळून एक आकडा, होते. एकेका कंपनीचा पुरता माग त्यातून लागत नव्हता. पेढीच्या देणगीवर 1960 मध्ये शिकागो विद्यापीठात एक केंद्र उभं राहिलं. जेम्स लॉरी आणि लॉरेन्स फिशर यांनी जानेवारी 1926 पासून न्यूयॉर्क शेअर बाजारातल्या प्रत्येक सामान्य शेअरचा महिनाअखेरचा भाव गोळा करायला घेतला. भाव वर्तमानपत्रांतून मिळत होते. वेळ खाल्ला तो बाकीच्या गोष्टींनी: विभाजनं, बोनस, हक्कभाग (जुन्या भागधारकांना आधी देऊ केलेले नवे शेअर), विलीनीकरणं, कंपन्यांची बदललेली नावं. 1964 मध्ये निष्कर्ष छापला गेला. लाभांश पुन्हा गुंतवत गेलेल्या, कर न भरणाऱ्या गुंतवणूकदाराला 1926 ते 1960 या काळात चक्रवाढीने वर्षाला सुमारे 9 टक्के मिळाले. मधे 1929 ची मंदी धरूनही. हा आकडा पाहून तेव्हाचे जाणकारही चकित झाले, कारण लाभांश आणि विभाजनं हिशेबात धरून एवढं मोठं गणित कुणी केलंच नव्हतं.

आणि इतकी काळजी घेतलेल्या नोंदींतही भोक निघालं. टायलर शमवे या अभ्यासकाने 1997 मध्ये दाखवलं, की बाजारातून बाहेर फेकल्या गेलेल्या कंपन्यांचा शेवटचा फटका बऱ्याच ठिकाणी नोंदलेलाच नव्हता. दिवाळखोरी किंवा तशाच कारणाने शेअर काढून टाकला, की त्यानंतर तो बाजाराबाहेर मिळेल त्या भावाला विकला जातो. ती घसरण साधारण 30 टक्क्यांची असे, आणि नोंद मात्र आधीच थांबलेली. माझ्या मते जुन्या भावांतला सर्वांत मोठा धोका हाच आहे. आज चालू असलेल्या कंपन्यांचीच यादी घेऊन वीस वर्षं मागे गेलात, तर बुडालेल्या सगळ्या आपोआप गळून पडतात आणि कोणतीही युक्ती यशस्वी दिसते.

आता भावांच्या तक्त्यांत ‘समायोजित बंद भाव’ नावाचा जो रकाना असतो, त्याकडे वळू. समजा एका शेअरचा बंद भाव 100 आहे आणि दुसऱ्या दिवसापासून खरेदी करणाऱ्याला 4 चा लाभांश मिळणार नाही. त्या सकाळी, बाकी सगळं तसंच राहिलं, तर भाव 96 च्या आसपास उघडतो. गुंतवणूकदाराचं नुकसान काहीच नाही, 4 त्याच्या खिशात आहेत. म्हणून त्या तारखेच्या आधीचे सगळे भाव 0.96 ने गुणले जातात. पुढच्या लाभांशाला पुन्हा गुणाकार. याचा एक परिणाम फार थोड्यांच्या लक्षात येतो: समायोजित इतिहास स्थिर नसतो. गेल्या वर्षी उतरवून ठेवलेला 2010 चा भाव आणि आज त्याच ठिकाणी दिसणारा 2010 चा भाव वेगळे निघतात, आणि दोन्ही बरोबर असतात. नुसतं विभाजन धरून केलेला रकाना वेगळा, लाभांशही धरलेला वेगळा. काही तक्ते साध्या ‘बंद भाव’ या नावाखाली विभाजन आधीच धरून मोकळे होतात. त्यामुळे रकान्याच्या नावावर विसंबण्यापेक्षा एखाद्या माहितीतल्या विभाजनाच्या तारखेला भाव तुटतो का, हे बघणं सोपं.

बंद भाव तरी एकच असतो का? तोही नाही. कुठे दिवसाचा शेवटचा सौदा धरतात, कुठे अखेरीस स्वतंत्र लिलाव होतो, कुठे शेवटच्या ठरावीक वेळेतल्या सौद्यांची भारित सरासरी (मोठ्या सौद्याला जास्त वजन देऊन) काढतात. जुन्या अमेरिकी नोंदींत 12.375 असे भाव वारंवार दिसतात, कारण तिथे 1997 पर्यंत बहुतेक शेअरचे भाव डॉलरच्या आठव्या हिश्शांत बोलले जात. दशांश पद्धत पूर्णपणे आली ती 2001 मध्ये.

सगळ्यात फसवं असतं ते कंपनीचं नाव. 2005 मध्ये एसबीसी या अमेरिकी कंपनीने एटी अँड टी ही जुनी टेलिफोन कंपनी विकत घेतली आणि नाव मात्र विकत घेतलेल्या कंपनीचं लावलं. बाजारातलं ‘टी’ हे एका अक्षराचं चिन्हही घेतलं. त्यामुळे त्या चिन्हाखालचा लांबलचक इतिहास बहुतेक ठिकाणी एसबीसीचा असतो, जुन्या टेलिफोन कंपनीचा नव्हे. जनरल मोटर्सचं उलटं झालं. जुनी कंपनी 2009 मध्ये दिवाळखोरीत गेली, तिचे भागधारक रिकाम्या हाताने राहिले आणि नोव्हेंबर 2010 मध्ये नवी कंपनी 33 डॉलरने बाजारात आली. आजचा तक्ता तिथूनच सुरू होतो, जणू त्याआधी काही नव्हतंच.

म्हणून कोणता भाव घ्यायचा हे कामावर ठरतं. जुन्या शेअरचा खरेदी खर्च करासाठी किंवा वारसाच्या वाटणीसाठी काढायचा असेल, तर त्या दिवशी प्रत्यक्ष मोजलेला भाव घ्यायचा आणि शेअरची संख्या विभाजनांनुसार वाढवत यायची. लाभांश वजा केलेला समायोजित आकडा तिथे घातला तर खर्च कमी दिसतो आणि नफा फुगतो. दहा वर्षांत किती कमावलं, किंवा दोन कंपन्यांत सरस कोण, हे बघायचं असेल तर लाभांश धरलेलाच भाव हवा. आणि ‘अमुक वर्षी हा शेअर महाग होता का’ हे ताडायचं असेल, तर तेव्हाचा मूळ भाव तेव्हाच्याच प्रतिशेअर नफ्याशी लावून बघावा. दोन्ही आकडे एकाच मापातले असले पाहिजेत. समायोजित भावाला जुन्या अहवालातल्या नफ्याने भागून ‘तेव्हा किती स्वस्त होता’ म्हणणारे हिशेब सर्रास दिसतात.