उतारवयातील रक्त: गुठळी आणि रक्तस्राव

सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातावर, कुठे लागल्याचे आठवतही नसताना, जांभळट डाग उमटतात आणि घरातले सगळे धास्तावतात. बहुतेक वेळा दोष रक्ताचा नसतो. वयामुळे आणि वर्षानुवर्षांच्या उन्हामुळे त्वचेला बळकटी देणारे कोलॅजन हे प्रथिन कमी होते, बारीक रक्तवाहिन्यांचा आधार जातो आणि हलक्या धक्क्यानेही त्या फुटतात. रक्ताचा कल मात्र उलट दिशेने सरकत असतो. फायब्रिनोजेनसारख्या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण वयानुसार वाढते, चालणे-फिरणे मंदावल्याने पायांच्या शिरांत रक्त रेंगाळते आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो.

एट्रियल फिब्रिलेशन या विकारात ही कोंडी सर्वांत स्पष्ट दिसते. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे साचलेल्या रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत पोहोचली तर पक्षाघात होतो. म्हणून रक्त गोठू न देणारी औषधे देतात. त्यांपैकी वॉरफॅरिनचा माग गुरांच्या गोठ्यापर्यंत जातो. १९२०च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात बुरशी लागलेले स्वीट क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातील द्रव्य शोधले, त्यावरून पुढे वॉरफॅरिन तयार झाले, ते आधी उंदरांचे विष म्हणून विकले गेले आणि १९५४ साली माणसांसाठी मंजूर झाले.

हे औषध रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या ‘के’ जीवनसत्त्वाचे काम अडवते, आणि मेथी-पालकात ते जीवनसत्त्व भरपूर असते. पालेभाजी बंद करू नये, पण प्रमाण साधारण सारखे ठेवावे. एरवी क्वचित खाणाऱ्याने थंडीत रोज मेथी सुरू केली, तर औषधाचा परिणाम घटतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या आयएनआर तपासणीचा आकडा बहुतेकांसाठी २ ते ३ दरम्यान ठेवतात. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी मला या भाजीपेक्षा कितीतरी अधिक चिंतेची वाटते, कारण ती पोटात रक्तस्राव घडवू शकते.

डोक्याला लागलेला किरकोळ मारही रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत किरकोळ मानू नये. वयानुसार मेंदू आक्रसतो, त्याच्या पृष्ठभागावरून कवटीकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात आणि त्यांतून रक्त इतके हळू झिरपू शकते की गोंधळलेपणा, झोपाळूपणा किंवा चालताना तोल जाणे ही लक्षणे काही आठवड्यांनी दिसतात. ती वयाच्या खात्यावर टाकली जातात आणि न्हाणीघरात पाय घसरल्याचे डॉक्टरांना कोणी सांगत नाही. ते सांगितले, तर सीटी स्कॅनमध्ये साचलेले रक्त सहसा दिसते आणि अनेकदा कवटीला लहान छिद्र पाडून ते काढता येते.