स्पीकर घरी नेल्यावर आवाज बदलतो, तो का?

दुकानात ऐकला तेव्हा मस्त वाजत होता, घरी लावला तर नुसता गडगडतो आणि भजनाचे शब्दच कळत नाहीत, अशी तक्रार चतुर्थीच्या आसपास हमखास येते. स्पीकर बहुतेक वेळा ठणठणीत असतो हो, फरक खोलीचा असतो.

स्पीकरचा आवाज थोडाच सरळ कानावर येतो, बाकीचा भिंत, स्लॅब, टाइल्सवर आपटून मागनं येतो. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, म्हणजे भिंतीवरून येताना पावणेदोन मीटर जास्त फिरला की 5 मिलिसेकंद उशीर. एवढा उशीर कानाला वेगळा कळत नाही, दोन्ही एकच वाटतात, पण आवाज बदलतो आणि गाणारा नक्की कुठे आहे ते धूसर होतं.

जुन्या कौलारू घरात कौलांच्या फटीतून बराच आवाज निघून जातो, माळ्यावरचं सामानही थोडा खातं. नवीन स्लॅबच्या हॉलमध्ये सगळंच गुळगुळीत. तिथे टाळी वाजवून बघा, मागे झर्रर्र ऐकू आलं की आवाज भिंतींमध्ये आपटतोय असं समजायचं.

बासचं, म्हणजे खालच्या जाड सुरांचं, वेगळंच. 12 फुटांच्या खोलीत साधारण 47 हर्ट्झचा (सेकंदाला 47 कंपनांचा) सूर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो आणि खोली 12 बाय 12 असेल तर दोन्ही बाजूंनी तोच सूर, म्हणून चौरस खोली सगळ्यात त्रासदायक. त्यात लोक जागा वाचते म्हणून स्पीकर कोपऱ्यात कोंबतात, मग बास अजून वाढतो. आधी तो कोपऱ्यातून बाहेर काढा, फूटभर सरकवून परत ऐका, आणि तुमची खुर्चीही मागच्या भिंतीला चिकटवू नका. याला पैसे लागत नाहीत.

मग आरसा घ्या. तुम्ही नेहमीच्या जागी बसा, घरातल्या कोणालातरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, जिथे त्यात स्पीकर दिसेल तिथूनच आवाज आपटून तुमच्याकडे येतो, तिथे जाड गोधडी टांगा किंवा पुस्तकांचं भरलेलं कपाट ठेवा, खाली सतरंजी. पातळ पडद्याने फक्त वरचे सूर थोडे दबतात, बासला काही होत नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावण्यात तर काहीच अर्थ नाही. आणि आपल्याकडच्या पावसात भिंतीला कार्पेट चिकटवाल तर मागे बुरशी धरणारच, म्हणून काढून उन्हात टाकता येईल असंच लावा.

इतकं करूनही गडगडत असेल तर खोलीची लांबी-रुंदी-उंची लिहून आणि स्पीकर कुठे ठेवलाय त्याचा फोटो घेऊन दुकानात या, नवीन घ्यायच्या आधी जागा बघू.